तिचं अंग दुखतं, त्याचं डोकं फिरतं

दवाखान्यात बाकावर बसलेल्या बाईला डॉक्टर विचारतात, "काय होतंय?" उत्तर सासू देते. "हातापायांत जीव नाही म्हणते. जेवत नाही नीट. एक सलाईन लावा, म्हणजे लागेल कामाला." बाई मान खाली घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत असते. ताप नाही, रक्तदाब ठीक. डॉक्टर रक्तवाढीच्या गोळ्या लिहून देतात, सलाईन लागतं, दोघी घरी जातात. काही दिवसांनी तीच बाई, तोच बाक. या वेळी डोकं दुखतंय आणि छातीत धडधडतंय.

त्याच घरातला पुरुष दवाखान्यात येतच नाही. त्याचं दुखणं गावाला वेगळ्याच रूपात माहीत असतं. संध्याकाळी सातनंतर त्याच्याशी बोलायची सोय नाही, पोरांवर वसवस करतो, दोनदा गाडीवरून पडला, उसनवारी वाढलीय. त्याला आजारी कुणीच म्हणत नाही. व्यसनी म्हणतात, तापट म्हणतात, वाया गेला म्हणतात.

दोघांनाही एकच आजार असू शकतो. बाईने अंग दुखतंय म्हटलं तर निदान तासभर आडवं पडता येतं. मन लागत नाही म्हटलं तर 'आम्हाला नव्हती का मनं?' हे ऐकून घ्यावं लागतं. पुरुष प्याला तर चारजण त्याला समजून घेतात, ढसाढसा रडला तर तेच चारजण तोंड फिरवतात. म्हणून घरातल्या कुणाचं मन आजारी पडलंय का हे ओळखायचं असेल, तर त्या माणसाला काय बोलायची मुभा आहे आणि कशाची नाही, हे आधी पाहायला हवं.

आकडेवारीतही हेच दिसतं, पण ती नीट वाचावी लागते. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. (महाराष्ट्र त्या बारांत नव्हता.) मानसिक आजाराचं प्रमाण पुरुषांत १३.९ टक्के आणि स्त्रियांत ७.५ टक्के निघालं. वरवर पाहणारा म्हणेल, बायकांचं बरं चाललंय. पण पुरुषांच्या आकड्यात दारूचा वाटा फार मोठा आहे. दारूच्या विकाराने ग्रासलेले पुरुष नऊ टक्क्यांच्या आसपास, स्त्रिया जेमतेम अर्धा टक्का. नैराश्य आणि चिंतेचे आजार मात्र स्त्रियांतच जास्त सापडले. जगातही तसंच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते नैराश्य पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये साधारण दीडपट आढळतं.

आत्महत्यांची आकडेवारी याच्या अगदी उलटी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केली. त्यात पुरुष १,२२,७२४. राज्यांमध्ये सर्वांत वर महाराष्ट्र, २२,७४६. म्हणजे नैराश्य बायकांना जास्त आणि जीव जातात पुरुषांचे जास्त. पुरुष मदत मागत नाही, मागतो तेव्हा उशीर झालेला असतो, त्यात दारूने सारासार विचार गेलेला असतो. त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे. जीव दिलेल्या ४८,१७२ स्त्रियांपैकी २५,३०९ जणींच्या नावापुढे व्यवसाय 'गृहिणी' असा लिहिला आहे, म्हणजे निम्म्याहून जास्त. शेतकरी आणि शेतमजूर मिळून त्या वर्षी ११,२९० जण गेले, त्यावर विधानसभेत आवाज उठतो, आणि उठायलाच हवा. गृहिणींचा आकडा त्याच्या दुपटीहून मोठा आहे. त्यासाठी निघालेला एकही मोर्चा माझ्या पाहण्यात नाही.

हे सगळं 'हार्मोन'चं आहे का?

बायकांच्या मनाचा विषय निघाला की हा शब्द हमखास येतो. पाळी, बाळंतपण, पाळी जाण्याचा काळ यांत शरीरात मोठे बदल होतात आणि त्यांचा मनावर परिणाम होतो, यात वाद नाही. पण सगळं खापर त्यावर फोडलं की घराची सुटका होते, म्हणून हे उत्तर इतकं लोकप्रिय आहे.

गोव्यातला एक अभ्यास यासाठी वाचण्यासारखा आहे. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका रुग्णालयात २७० गरोदर बायकांना भेटून बाळंतपणानंतरही त्यांची विचारपूस केली. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांना नैराश्य होतं. त्यातल्या बहुतेकींना गरोदरपणातही मानसिक त्रास होताच, म्हणजे बाळंतपणाने तो आणला नव्हता. कारणं कोणती? गरिबी, नवऱ्याशी बिघडलेलं नातं, मारहाण. आणि बाळ मुलगा आहे की मुलगी यावरही आईचा धोका कमीजास्त होत होता. आता विचार करा. प्रसूतीनंतर शरीरातली संप्रेरकं झपाट्याने उतरतात, ती मुलगा झालेल्या बाईचीही उतरतात आणि मुलगी झालेल्या बाईचीही. बाळाचं लिंग पाहून बदलतात ते घरातले चेहरे.

वयात येण्याआधी मुलगे आणि मुली यांच्यात नैराश्याचं प्रमाण जवळपास सारखं असतं. बारा-तेराच्या पुढे मुलींचं प्रमाण वाढत जाऊन साधारण दुपटीवर जातं. त्याच वयात पाळी येते हे खरं. त्याच वयात तिचं मैदानात खेळणं थांबतं, सायकलवर एकटीने जाणं थांबतं, भावाचं ताट उचलणं सुरू होतं आणि रस्त्यावरच्या नजरा कळायला लागतात, हेही तितकंच खरं. उलट स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर यांसारख्या आजारांत, जिथे आनुवंशिकतेचा भाग मोठा आहे, तिथे स्त्री-पुरुषांच्या प्रमाणात फारसं अंतर नाही. यावरून लगेच नियम काढू नये, पण रोजच्या जगण्याचा भार जिथे थेट मनावर पडतो तिथे दरी रुंद होते, एवढं तरी मानायला हरकत नाही.

भार किती, तोही मोजलेला आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा रोजचा वेळ २८९ मिनिटं निघाला आणि पुरुषांचा ८८. लहान मुलं, म्हातारी माणसं, आजारी माणसं यांचं करणं यात धरलेलं नाही, ते वेगळं.

बाईकडे पाहताना

कंबर, डोकं, छातीत धडधड, अंगावरून पांढरं जाणं, गळून गेल्यासारखं वाटणं या तक्रारी महिनोन् महिने चालू असतील तर आधी शरीराच्या तपासण्या जरूर करा. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, जमल्यास बी-१२. आपल्याकडे निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे आणि थायरॉइड कमी असलं की नैराश्यासारखीच लक्षणं दिसतात. पण रिपोर्ट हातात आला की आपण जे म्हणतो ना, "काही निघालं नाही, सगळं नॉर्मल आहे", तिथे थांबू नका. काही निघालं नाही म्हणजे तिला काही होत नाही, असं नव्हे. तिथून पुढे विचारायचं असतं: झोप कशी आहे? पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा डोळा लागत नाही का? आवडीची मालिका, भजनी मंडळ, शेजारणीशी गप्पा यांतलं काही सुटलंय का? आपण कुणाच्या उपयोगाचे नाही असं वाटतं का? यातलं बरंचसं दोन आठवड्यांहून जास्त, रोज, दिवसभर असेल तर ते नैराश्य असण्याची दाट शक्यता आहे.

आणि हे प्रश्न तिला एकटीला विचारा. डॉक्टरकडे तिच्यासोबत गेला असाल तर स्वतःहून म्हणा, "मी बाहेर बसतो, तुम्ही बोला." वाक्य छोटं आहे, पण आपल्याकडच्या कितीतरी बायका नवरा किंवा सासू यांच्याविना डॉक्टरशी कधी बोललेल्याच नसतात. तुम्ही स्वतःच रुग्ण असाल आणि बोलायला जीभ रेटत नसेल तर कागदावर तीन गोष्टी लिहून न्या: कधीपासून होतंय, त्यामुळे कोणतं काम होईनासं झालंय, आणि घरात सध्या काय चाललंय. तिसरी गोष्ट सांगितली जात नाही, म्हणून औषध चुकतं.

घरात मारहाण असेल तर केवळ नैराश्याच्या गोळीने काही व्हायचं नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाणाऱ्या बाईला झोपेची गोळी देणं हा इलाज नव्हे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी अवघ्या १४ टक्के जणींनी कुणाकडे मदत मागितली होती. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात शिवीगाळ, अपमान, मुलगा झाला नाही म्हणून टोमणे हेही हिंसेत धरलं आहे, फक्त मार नव्हे. १८१ ही महिला हेल्पलाइन आहे. राज्यात अनेक ठिकाणी पोलिसांच्या जागेतच महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष चालतात. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांबरोबर १९८४ मध्ये ते काम सुरू केलं. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सुरू झालेलं 'दिलासा' केंद्र तर दवाखान्यातच आहे. दवाखान्यात जाते म्हटलं की घरात कुणी फारसं विचारत नाही, हे ओळखून ते तिथे काढलं.

बाळंतिणीबद्दल वेगळं सांगायला हवं. पहिल्या काही दिवसांत रडू येणं, चिडचिड, भरून येणं हे निम्म्याहून जास्त बायकांना होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढे टिकलं, बाळाकडे पाहावंसं वाटत नाही, मी वाईट आई आहे असंच डोक्यात येत राहिलं, तर डॉक्टर गाठा. बाळ झोपलेलं असतानाही आईला सलग रात्री झोप नाही, असंबद्ध बोलते, बाळाबद्दल भलत्याच शंका घेते, कानात आवाज येतात म्हणते, असं दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या. हा तातडीचा आजार आहे आणि वेळेवर उपचार झाले तर तो बरा होतो. अशा वेळी दृष्ट काढा, अंगारा लावा, तुमच्या श्रद्धेच्या आड मी येणार नाही. पण गाडी बोलावून झाल्यावर. आणि एक साधं काम आजपासून करता येईल. रात्रीची एक वेळ बाळाला आईऐवजी दुसऱ्या कुणीतरी सांभाळा आणि आईला चार-पाच तास सलग झोपू द्या. आजी करू शकते, बापही करू शकतो. बापाने केल्याचं मला जास्त आवडेल.

पुरुषाकडे पाहताना

"तुला नैराश्य आलंय का?" असं विचारून एकही पुरुष हो म्हणणार नाही. त्याच्या बाबतीत बदल पाहायचा. शांत माणूस भडकायला लागला, बोलका माणूस गप्प झाला, कट्ट्यावर यायचा बंद झाला, दारू वाढली, मोबाइलवर पैशांचे खेळ सुरू झाले, कामात स्वतःला इतकं गाडून घेतलं की रविवारीही घरी नाही, गाडी बेफाम चालवायला लागला. यातली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसली तर उपदेश करण्याआधी विचारपूस करा. समोरासमोर बसवून विचारलंत तर चौकशी वाटते. गाडीवर मागे बसून, शेताच्या बांधावर चालताना, गाय धुताना, टपरीवर चहा पिताना पुरुष जास्त बोलतात. "गेल्या महिन्यापासून तू पहिल्यासारखा दिसत नाहीस, काय चाललंय?" एवढंच म्हणा आणि मग गप्प बसा. तो "काही नाही रे" म्हणेल. दोन दिवसांनी पुन्हा विचारा.

त्याच्या बोलण्यात "माझ्यामागे तुमचं बरं होईल", "आता सगळं संपवून टाकावं" असं आलं, हिशेब मिटवायला लागला, वस्तू वाटायला लागला, तर सरळ विचारा: "जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही भीती खोटी आहे. उलट विचारल्याने माणूस मोकळा होतो. उत्तर हो आलं तर त्याला एकटं सोडू नका आणि घरातलं कीटकनाशक त्याच दिवशी दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेवा. हा उपाय फार साधा वाटेल, पण टोकाची ऊर्मी बहुतेक वेळा काही मिनिटांची, काही तासांची असते आणि तेवढा वेळ साधन हाताशी नसलं तर माणूस वाचतो. श्रीलंकेने जहाल कीटकनाशकांवर एकापाठोपाठ बंदी घातल्यावर तिथल्या आत्महत्या खूप खाली आल्या, याची जगभर नोंद आहे.

पुरुषाच्या मनावरचा भार बहुधा पैशाचा असतो आणि तो घरात सांगायचा नसतो, असं त्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. बायकोला कर्जाचा खरा आकडा माहीत नाही, अशी घरं कमी नाहीत. हे बदला. एका कागदावर सगळी देणी लिहा: बँक, सोसायटी, सावकार, उसने, मोबाइल अॅपवरचं कर्ज. बायकोला आणि एखाद्या जाणत्या माणसाला दाखवा. कर्ज तेवढंच राहील, पण ते एकट्याच्या डोक्यावर राहणार नाही.

दारूच्या बाबतीत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. रोज भरपूर पिणाऱ्याने एका रात्रीत दारू तोडली तर झटके येऊ शकतात, जिवावर बेतू शकतं. शपथ घालून, गळ्यात माळ घालून अचानक सोडवण्यापेक्षा डॉक्टरच्या देखरेखीखाली सोडवा. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणमध्ये हे काम वर्षानुवर्षं चाललं आहे. तिथे व्यसनी माणसाच्या बायकोलाही बोलायला जागा आहे. तीही आजारी असतेच, फक्त तिच्या तोंडाला वास येत नसतो. पिणाऱ्या स्त्रियांबद्दल तर आपण बोलतच नाही. त्या घराच्या आत, दार लावून पितात, आणि लाजेपोटी त्यांना उपचारापर्यंत कुणी नेत नाही. त्यांच्यासाठी वेगळे विभाग आहेत, चौकशी करा.

लग्न हा इलाज नव्हे

मुलीला फिट येते, मुलगा एकटाच बडबडतो, कुणी महिनाभर खोलीबाहेर पडलेलं नाही, की कुणीतरी वडीलधारं म्हणतंच, "लग्न करून टाका, जबाबदारी आली की सुधारेल." यातून किती आयुष्यांची माती झाली असेल याची गणती नाही. त्यातही स्त्री आणि पुरुष यांच्या वाट्याला वेगवेगळं येतं. आजारी मुलाला बायको मिळते, म्हणजे फुकटची परिचारिका मिळते, आणि ती करत राहते. आजारी मुलीचं बहुधा काही महिन्यांत माहेरी परत पाठवणं होतं. नेमकं काय घडतं ते सांगतो. लग्नाआधी तिची गोळी चालू असते आणि ती बरी असते. सासरी कळू नये म्हणून आईच सांगते, "आता पंधरा दिवस राहू दे." गोळी बंद होते, लग्नाची दगदग, रात्रीची जागरणं, नवी माणसं, महिना-दोन महिन्यांत आजार उसळतो आणि मग सासरचे म्हणतात, फसवलं. आधी सांगितलं असतं तर कदाचित स्थळ गेलं असतं. पण जे स्थळ गोळीची डबी पाहून मागे फिरतं ते गेलेलंच बरं, असं माझं स्पष्ट मत आहे. लग्न ठरवायचंच असेल तर दोन्हीकडच्या लोकांनी एकदा मनोविकारतज्ज्ञाला एकत्र भेटावं.

औषध, खर्च आणि लाज

नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. आठवड्यात फरक नाही म्हणून फेकून देऊ नका आणि बरं वाटलं म्हणून मनाने बंदही करू नका. या गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही. झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्यांची मात्र लागते. शेजारणीची चिठ्ठी दाखवून त्या वर्षानुवर्षं घेणाऱ्या बायका मेडिकलवाल्यांना विचारा, सापडतील.

आता जे कुणी डॉक्टरला सांगत नाही ते. नैराश्याच्या काही गोळ्यांनी शारीरिक संबंधांत अडचण येते. पुरुष हे डॉक्टरला सांगत नाहीत, मुकाट्याने गोळी सोडतात आणि आजार परततो. सांगितलंत तर डॉक्टर मात्रा किंवा गोळी बदलू शकतात. स्किझोफ्रेनियावरच्या काही औषधांनी पाळी थांबते. बाईला वाटतं दिवस गेले किंवा शरीर बिघडलं, आणि तीही गप्प बसते. मूल होण्याच्या वयातल्या बाईला व्हॅल्प्रोएट चालू असेल तर डॉक्टरांशी लवकर बोला, कारण त्या औषधाने गर्भाला व्यंग होऊ शकतं. पण तेही स्वतःहून बंद करायचं नाही. अंगावर पाजतानाही घेता येतील अशी औषधं आहेत, तेव्हा "दूध पाजतेय म्हणून गोळी नको" हा निर्णय सासूने नव्हे, डॉक्टरने घ्यावा.

सगळ्यांनाच गोळी लागते असंही नाही. गोव्यात संगाथ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला; त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. डॉक्टर नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक माणसांनी नैराश्यात असलेल्यांशी सहा-आठ बैठकांत बोलायचं, रोज करण्याजोगी छोटी कामं ठरवायची, ती झाली का पाहायचं. लोक खरोखर बरे झाले. हानिकारक दारू पिणाऱ्या पुरुषांसाठी वेगळी समुपदेशनाची पद्धत बसवली, तीही उपयोगी पडली. विदर्भात अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' प्रकल्पात गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन हे काम केलं, तेव्हा नैराश्य असून मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. माणसं उपचार टाळत होती असं आपण म्हणत होतो, त्यांच्या दारात कुणी गेलंच नव्हतं.

यातली पद्धत घरीही वापरता येते. नैराश्यात माणूस "बरं वाटलं की बाहेर पडेन" म्हणतो. ते उलटं करायचं. बरं वाटायची वाट न पाहता दिवसाला एकच काम ठरवायचं: सकाळी देवळापर्यंत चालणं, कुंडीला पाणी, बहिणीला फोन. जमलं तर वहीत खूण, नाही जमलं तर रागवायचं नाही. फक्त बाईला हे काम ठरवून देताना "सकाळी उठून स्वयंपाक कर, बरं वाटेल" असं करू नका. तिच्यासाठी ठरवायचं ते काम तिच्या स्वतःसाठी असलं पाहिजे.

खर्चाची चिंता असेल तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. पुणे (येरवडा), ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. त्यांच्या ओपीडीत जायला भरती व्हावं लागत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सरकारी सेवेतून उपचार मिळणं हा हक्क केला आहे, त्यात स्त्री, पुरुष, तृतीयपंथी, समलिंगी असा भेद करायला मनाई आहे, आणि विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरावं असंही म्हटलं आहे. तृतीयपंथी किंवा समलिंगी मुलाला 'सरळ करून देतो' म्हणणारा डॉक्टर भेटला तर उठून या. तो इलाज नाही आणि ती मुलं आधीच घरच्यांच्या नकाराने खचलेली असतात. जीव देण्याचा प्रयत्न केलेल्या माणसाला याच कायद्याने तीव्र ताणाखालचा मानलं आहे, शिक्षेला पात्र मानलेलं नाही. पोलिसांच्या भीतीने "चुकून औषध प्यायलं" असं खोटं सांगून उपचाराला उशीर करू नका.

घरातल्या वाटणीबद्दल शेवटी थोडं. बाईच्या नैराश्यावर उपचार सुरू केले आणि तिचे घरकामाचे पाच तास तसेच ठेवले, किंवा पुरुषाची दारू सोडवली आणि घरात त्याला मन मोकळं करायची जागा दिली नाही, तर अर्धाच इलाज झाला. आजपासून एक गोष्ट बदला. जेवणानंतरचं आवरणं मुलग्याच्या नावावर टाका. सासूबाईंची औषधं द्यायचं काम त्यांच्या मुलाकडे सोपवा. आणि पोरगा पडला, रडला, तर त्याला "मुलगी आहेस का?" असं पुन्हा म्हणू नका.

टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे. चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं, नाव सांगायची सक्ती नाही. हा नंबर आत्ताच मोबाइलमध्ये साठवा, घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये साठवून द्या, आणि तुमच्या तालुक्यात मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी असते ते उद्या ग्रामीण रुग्णालयात विचारून ठेवा.